लग्नानंतरचा पाठलाग : 'सैराट'च्या कथनरचनेवरच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

विषय मंजूर झाला. सही करताना मॅडमनी एवढंच विचारलं, "सैराटवर सगळं लिहून झालंय. जातीवर झालंय, गाण्यांवर झालंय, कमाईवर तर विचारूच नको. तू नवीन काय बघणार?" मी म्हटलं, गोष्ट सांगितली कशी आहे तेवढंच. कोणत्या क्रमानं, कशाला किती वेळ देऊन, कुणाच्या बाजूला उभं राहून. "मग तेवढंच बघ," मॅडम म्हणाल्या. "दिग्दर्शकाच्या मुलाखतीतलं एक वाक्यही प्रबंधात दिसायला नको." अट आवडली. पडद्यावर जे आहे त्यावरच बोलायचं.

पायाभूत भेद लिहून ठेवते. रशियन रूपवादी १९२० च्या आसपास फाब्युला आणि स्यूझेत अशी जोडी वापरू लागले. फाब्युला म्हणजे घटनांची कार्यकारणानं जोडलेली साखळी, स्यूझेत म्हणजे ती आपल्यापुढं येते ती मांडणी. डेव्हिड बोर्डवेलनं १९८५ मध्ये ही जोडी सिनेमाला लावली. त्याचं म्हणणं, पडद्यावर असते ती फक्त मांडणी, साखळी प्रेक्षक आपल्या डोक्यात जुळवतो. असं असेल तर कधीतरी प्रेक्षकालाही विचारावं लागेल की बाबा, तू काय जुळवलंस. ते पुढं बघू.

सैराटच का, याचं एक साधं कारण आहे. करमाळा सोलापूर जिल्ह्यात असला तरी आमच्या धाराशिवच्या परंड्याला लागून आहे. बोली कानाला परकी नाही, ऊस परका नाही, आणि पळून जायचं तर हैदराबाद, हेही आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

१९ नोव्हेंबर

सुरुवात रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपपासून केली, कारण सगळ्यांत तोच हट्टी आहे. १९२८ मध्ये अफनासयेवच्या संग्रहातल्या शंभर अद्भुतकथा घेऊन त्यानं दाखवलं की पात्रं बदलतात, पण कथेतली त्यांची कामं बदलत नाहीत. अशी ३१ कामं, आणि ती वाटून घेणाऱ्या ७ भूमिका. एका कथेत सगळी ३१ असतीलच असं नाही, पण जी येतात ती ठरलेल्या क्रमानंच येतात.

तक्ता आखून सैराट त्यात भरला (कंसात प्रॉपच्या यादीतले क्रमांक). बराचसा सहज बसला. मनाई (२) आहे, मनाई मोडणं (३) आहे. 'राजकन्या आणि तिचा बाप' ही प्रॉपकडं एकच भूमिका आहे, हे वाचून हसूच आलं. पाटलाच्या वाड्यात तेच गृहीत धरलेलं असतं, आणि पाटलाची लेक आर्ची तेच मोडून निघते. हैदराबादची सुमनअक्का म्हणजे वाटेत भेटून मदत देणारी, तिची जागा पक्की. पाठलाग (२१) आणि सुटका (२२) ही दोन्ही आहेत, फक्त इथं पिस्तूल राजकन्येच्या हातात आहे. मासेमाऱ्याच्या पोराला, पारश्याला, ती सोडवते. पुढं ३१ वं काम, लग्न.

गाडी अडली ती इथं. प्रॉपच्या यादीत लग्नाच्या पुढं ओळच नाही. सैराटमध्ये रजिस्टर लग्न होतं आणि सिनेमा शिल्लक राहतो. ज्या भागामुळं लोक थिएटरातून एकमेकांशी न बोलता बाहेर पडले, तो सगळा लग्नानंतरचा. तक्त्यात त्याला जागा नाही. सध्या खाली पेन्सिलीनं 'उरलेला भाग' असं लिहून ठेवलंय.

२१ नोव्हेंबर

तोदोरोव्हचं संतुलन, बिघाड, नवं संतुलन हे लावून बघितलं. कशालाही लागतं, म्हणून फारसं कामाचं नाही. एका परिच्छेदात उरकणार.

२ डिसेंबर

आता वेळ. जेरार जेनेतनं १९७२ मध्ये कथनातल्या वेळेचे तीन प्रश्न वेगळे केले: क्रम, अवधी आणि वारंवारता. सैराटमध्ये क्रमाकडं बघण्यासारखं फार नाही, क्रिकेटच्या सामन्यापासून गोष्ट जवळजवळ सरळच चालते. खरी गंमत अवधीत आहे.

जेनेतच्या हिशेबानं अवधीच्या चार चाली. सारांशात वर्षं मिनिटांत उरकतात. प्रसंगात घडायला आणि सांगायला सारखाच वेळ लागतो. विरामात गोष्ट थांबते आणि सांगणं चालू राहतं. लोपात गोष्ट पुढं सरकते आणि सांगणं गप्प बसतं. सैराटचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याच 'फँड्री'त (२०१३) प्रसंग म्हणजे काय ते एका जागी कळतं. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत कानावर येताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. राष्ट्रगीत किती वेळ चालतं हे प्रत्येक प्रेक्षकाच्या अंगात मुरलेलं आहे. तिथं वेळेची लबाडी करायला वावच नाही. संकलकाची कात्री त्या कुटुंबाच्या पायांइतकीच जखडलेली.

सैराट १७४ मिनिटांचा. चारही गाणी पूर्वार्धात होऊन जातात. गाण्यात वेळ ताणलेला असतो: संथगती, तीच धाव पुन्हा, तोच कटाक्ष पुन्हा. जेनेतच्या भाषेत विराम. उत्तरार्धात एकही गाणं नाही. तिथं सारांश आणि लोप. मधली वर्षं सिनेमा बोलून दाखवत नाही, एकदम चालतं पोर समोर येतं. प्रेमाला ऐसपैस वेळ, संसाराला तुटपुंजा. प्रेक्षकाला वाटतं की दुसऱ्या भागात सिनेमा 'बदलला'. बदलली ती वेळेची वाटणी.

मॅडमनी ललिता गोपालन यांचं २००२ चं पुस्तक दिलंय. आपल्याकडच्या सिनेमात मध्यंतर हे कथेचं हत्यार आहे, केवळ समोशाची सोय नाही, असं त्या धरतात. पाश्चात्त्य पटकथेच्या पुस्तकांतली तीन अंकांची पट्टी इथं का आखूड पडते ते यातून समजलं. सैराटला सांधा एकच आहे आणि तो कमरेत आहे.

८ डिसेंबर

अजिंठा. मॅडमचाच आग्रह. "तू वेळेत फार अडकलीस, जरा जागेकडं बघून ये." रविवार असल्यानं फर्दापूर फाट्यावरच्या बसला ही रांग. (सोमवारी लेणी बंद असतात, नाहीतर तोच दिवस धरला असता.)

१७ वं लेणं, पाचव्या शतकातलं. विश्वंतर जातक. गोष्ट माहीत होती. पाऊस आणणारा हत्ती दान केला म्हणून राजपुत्राला हद्दपार करतात. मग तो रथ देतो, घोडे देतो, पोटची मुलं देतो, शेवटी बायकोही देतो. भिंतीसमोर उभी राहिले आणि आधी काहीच कळेना. अंधाराला डोळे सरावल्यावर एकच माणूस ठिकठिकाणी दिसायला लागला. महालात तोच, वेशीजवळ तोच, रथात तोच, रानातल्या झोपडीपाशीही तोच. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. खांब, दार, झाड एवढ्यावरच प्रसंग सुटे होतात. मुलं मागायला आलेला ब्राह्मण जुजक कुठंय ते मी शोधत होते. शेजारच्या बाईंनी त्याची दाढी आणि दात आधी ओळखले. मागून मार्गदर्शक शाळेच्या पोरांना "चला पुढं, चला पुढं" करत होता. दिवा भिंतीवर धरायला मनाई असल्यामुळं चेहरे मधूनच उजळल्यासारखे वाटत आणि परत मावळत.

विद्या देहेजिया यांनी अजिंठ्याच्या काही चित्रांबद्दल म्हटलंय की त्यांची मांडणी जाळ्यासारखी आहे. काळाच्या क्रमापेक्षा जागा मोठी. महालात जे जे घडलं ते सगळं महालापाशी रंगवायचं, मग गोष्टीत ते आधीचं असो की नंतरचं. क्रम बघणाऱ्यानं लावायचा. बोर्डवेलचा प्रेक्षक इथं दीड हजार वर्षं आधीच कामाला जुंपलेला आहे.

परतीच्या बसमध्ये सैराटचा दुसरा तक्ता काढला. वेळ नाही, फक्त जागा. विहीर, ऊस, केळीची बाग, वर्ग, तळं, रस्ता. मग आगगाडी. मग झोपडपट्टीतली खोली, डोसा लावायची गाडी, कारखाना, फ्लॅट. पहिल्या यादीतल्या बहुतेक जागांना छत नाही. दुसरीतल्या बहुतेकांना दार आहे. शेवट या दाराशी येऊन ठेपतो: उंबऱ्याबाहेर रांगोळी, आत चहा, आणि आतून बाहेर येणारं पोर.

१३ डिसेंबर

एक मोह आवरला. गुणाढ्याची 'बृहत्कथा' परंपरेनं सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडतात. गोष्टीच्या पोटात गोष्ट हा प्रकार या मातीतला म्हणून एक प्रकरण ठोकता आलं असतं. पण सैराटमध्ये गोष्टीच्या पोटात गोष्ट नाही. अभिमानासाठी पानं वाढवायची नाहीत.

नाट्यशास्त्र मात्र घेणार. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम या पाच अवस्था. फलागम म्हणजे फळ हाती येणं. सैराटमध्ये ते येतं: घर, गाडी, मूल. भरत आणि प्रॉप, दोघांमध्ये एवढं अंतर, पण दोघंही एकाच ठिकाणी थांबतात आणि दोघांच्याही पुढं सिनेमा चालूच असतो.

३१ डिसेंबर

वेळा अमावास्येला गावी आले. औशाकडं हा सण म्हणजे दिवाळीच्या वरचा. सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. जेवणं झाल्यावर माणसं आडवी होतात आणि पोटभर बोलतात. माझं काम तिथंच होतं. एकेकाला म्हटलं, सैराटची गोष्ट सांगा. मध्ये काही विचारायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, फक्त लिहून घ्यायचं.

कुणीही क्रिकेटपासून सुरू केलं नाही. चुलतभाऊ बुलेटपासून, त्याची बायको ट्रॅक्टरपासून. चुलतीनं पहिल्याच वाक्यात शेवट सांगून टाकला, "मारून टाकतेत की दोघाला बी," आणि मग मागं गेली. जेनेतला जो क्रम सिनेमात सापडला नसता तो चुलतीच्या सांगण्यात सापडला. ती जाणूनबुजून शेवट आधी ठेवते, म्हणजे पुढची प्रेमाची प्रत्येक गोष्ट त्या सावलीतच ऐकावी लागते.

हैदराबादचा भाग जवळजवळ सगळे गाळतात. "तिकडं गेले, हाल झाले, पोरगं झालं," इतकंच. अपवाद धाकटा चुलता. त्यानं ऐन तरुणपणातली वर्षं हैदराबादला बांधकामावर काढलीत. तो खोलीचं भाडं, भाषा न कळणं, आर्चीचं बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, पारश्याचा संशय हे सगळं सविस्तर सांगत बसला आणि विहिरीतली उडी पार विसरला. प्रेक्षक साखळी जुळवतो हे खरं, पण जुळवताना स्वतःच्या खिशातल्या कड्या घालतो.

एक गोष्ट मात्र कुणीच गाळली नाही, बुलेट गाळणाऱ्यांनीही नाही. चहा. भाऊ माणसं घेऊन येतो, आईनं पाठवलेल्या वस्तू पुढं करतो, आर्ची चहा करते. आई माझी सिनेमाबद्दल फारसं बोलत नाही. भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्यांला चहा केला गं तिनं. सवताच्या हातानं. कप बी चांगलेच काढले आसतील." कप चांगले होते की नाही हे मी घरी येऊन पडद्यावर बघितलं नाही. मुद्दाम.

सीमोर चॅटमननं १९७८ मध्ये घटनांचे दोन गट केले. गाभ्याच्या घटना काढल्या तर गोष्ट कोसळते, उपग्रह घटना काढल्या तर फक्त रंग कमी होतो. त्याच्या नियमानं चहा हा उपग्रह. चहा झाला नसता तरी खून झालाच असता. मग शेतातला एकही माणूस तो सोडायला तयार का नाही?

९ जानेवारी २०२५

परत विभागात. चहाचा प्रश्न सुटत नाही, म्हणून दृष्टिकोनाचं प्रकरण आधी लिहायला घेतलं.

जेनेतचा दुसरा मोठा प्रश्न: बघतो कोण? पूर्वार्धात आपण बहुतेक पारश्याच्या खांद्यावरून आर्चीकडं बघतो. हैदराबादेत तो खांदा बदलतो. एकटी पडणं, परत फिरणं, आईची आठवण हे सगळं तिच्या बाजूनं. आणि शेवटी बघणारा उरतो तो अजून धड बोलता न येणारा जीव. शेजारीण त्याला घरी आणून सोडते, तो आत जातो. खून दाखवलेला नाही, तो लोपात गेला. आवाजही काढून घेतलाय. बघणाऱ्याला जे समजलंय तेवढंच आपल्याला दिलंय, आणि त्याला तर नाव देण्याइतकंही समजलेलं नाही. मग तो बाहेर येतो आणि पावलं उमटत जातात.

ही निवड होती, अपरिहार्यता नव्हती, याचा पुरावा आयता आहे. हिंदी रूपांतर 'धडक' (२०१८). साखळी बरीचशी तीच, पण शेवटी नवरा आणि मूल वरून खाली फेकले जातात, नायिका जिवंत राहते आणि बघते. तिथं बघणारीला सगळं समजतं. ती प्रेक्षकाच्या वतीनं हंबरडा फोडू शकते. मराठी शेवटात आपल्या वतीनं रडणारं शहाणं माणूस कुणीच ठेवलेलं नाही. पोर रडतं, पण तेही ऐकू येत नाही.

('कोर्ट' हा सिनेमाही आठवला. न्यायालयातले दिवे बंद होतात, वाटतं संपलं, आणि सिनेमा न्यायाधीशांबरोबर सुट्टीवर जातो. शेवटानंतर उरणाऱ्या भागांवर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. मी नाही.)

२१ जानेवारी

विभागात सादरीकरण. माझा दावा होता: प्रॉपच्या कथेत पाठलाग लग्नाआधी संपतो, सैराटमध्ये तो लग्नानंतरही उरतो, म्हणून प्रॉप इथं मोडतो. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून पत्रकारितेच्या एका मुलानं हात वर केला. "ताई, पाठलाग उरतो म्हणता, पण मधली वर्षं कुणी मागावर आहे असं तर दिसत नाही. मग ती आईला फोन करते. त्या फोनचं तुमच्या तक्त्यात काय?"

मॅडम नुसत्या हसल्या. "प्रॉपचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा," म्हणाल्या. आता ही मला टोचणी होती की त्याला सल्ला, देव जाणे.

२४ जानेवारी

पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे ते. प्रॉप म्हणतो, एका कथेत एकाहून जास्त फेऱ्या असू शकतात. नवं वैर घडलं की नवी फेरी सुरू. मग 'उरलेला भाग' पेन्सिलीनं खोडला आणि तक्त्याच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवला. एका मागोमाग बसत गेलं.

क्र. ५: खलनायकाला सावजाची माहिती मिळते. फोन. (पत्ता तिथूनच लागला हे सिनेमा उघड सांगत नाही. साखळी आपणच जुळवतो.) क्र. ६: खलनायक सोंग घेऊन फसवतो. माहेरच्या वस्तू, भावाचा चेहरा. क्र. ७: सावज फसतं आणि नकळत शत्रूच्याच कामी येतं.

चहा. चॅटमनच्या लेखी तो उपग्रह, प्रॉपच्या लेखी सातवं काम. शेतातल्या माणसांना हे कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यात तो उपग्रह कधीच नव्हता, आणि "सवताच्या हातानं" हे आईचं म्हणणं तर जवळजवळ प्रॉपची व्याख्याच.

क्र. ८: वैर, घात. प्रॉपच्या मते खरी कथा इथून चालायला लागते, आधीचं सगळं तयारीचं. नायक निघतो तो या घातानंतर. सैराटची दुसरी फेरी आठव्यावर तुटते, कारण निघायला कुणी शिल्लक नाही. पहिल्या फेरीत सगळी कामं मिळालेली ही दोन माणसं दुसरीत फक्त सावज आहेत.

प्रकल्पाचं शीर्षक तेच ठेवणार, 'लग्नानंतरचा पाठलाग'. दावा मात्र बदलला: प्रॉप मोडत नाही, त्याची यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि अर्ध्या वाटेत थांबवली जाते. त्या पत्रकारितेच्या मुलाला चहा पाजला. कॅन्टीनचा, निरुपद्रवी.

३ फेब्रुवारी

चौथं प्रकरण मॅडमकडून परत आलं. समासात लाल शाईनं एकच ओळ: 'क्र. १ बघितलास का?'

बघितला. पहिलं काम म्हणजे घरातलं कुणीतरी दूर जाणं. प्रॉप तिथंच पुढं नोंदवतो की याचं तीव्र रूप म्हणजे आईबापांचा मृत्यू. म्हणजे आर्ची-पारश्याच्या फेरीतलं आठवं काम हेच त्या पोराच्या फेरीतलं पहिलं. 'धडक'मध्ये मूलच उरत नाही, त्यामुळं तिथं ही तिसरी फेरी कुणाच्या नावावर लावायची ही अडचणच येत नाही. दोन शेवटांतला फरक मी आजवर दृष्टिकोनाच्या प्रकरणात ठेवला होता, तो उचलून इथं आणला. दृष्टिकोनाच्या प्रकरणात आता दोन ओळींचा निर्देश पुरेल.

राहिलेली कामं: पुनर्कथनांचं परिशिष्ट (नावं काढून, नातं आणि वय ठेवून, चुलतीची बोली दुरुस्त करायची नाही), जागांचा तक्ता आडव्या पानावर, तोदोरोव्हचा परिच्छेद अजून आखूड. बांधणीवाला आठवडा मागतोय.